नाणेघाटावरचा पहिला प्रवासलेख : प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी

दिवाळीपर्यंत एक प्रवासलेख लिहायचा आणि तो मराठीत छापून आणायचा, एवढाच हा प्रकल्प. जागा अशी हवी की कल्याणहून पहाटेच्या एसटीने निघून रात्री घरी येता यावं आणि नोकरी सांभाळून पुन्हा पुन्हा जाता यावं. नवख्या माणसाने आधी लांबचं ठिकाण गाठायचं आणि मग लिहायला शिकायचं, हा क्रम मला पटत नाही. लांब गेलं की सगळंच नवं असतं. काय टिपायचं हे कळेपर्यंत परतीची गाडी लागते. जवळच्या जागेला दुसऱ्यांदा जाता येतं आणि लिहायला लागणारं बरंचसं दुसऱ्या खेपेलाच हाती येतं, असा माझा अंदाज आहे.

नाणेघाट नक्की केला. मुरबाड, टोकावडे मागे टाकून वैशाखरे गावाच्या पुढे हमरस्त्यावरून घाटाची पायवाट फुटते. ती चढून गेलं की जुन्नर तालुका. कल्याण म्हणजे या जुन्या वाटेचं खालचं टोक. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक पुस्तकात पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांमध्ये कल्याणचं नाव आहे आणि देशावरच्या बाजारपेठांमध्ये पैठणचं. कोकणातल्या बंदरांतून जुन्नरकडे आणि पुढे पैठणकडे जाणारा माल याच घाटाने चढायचा. म्हणजे मी जिथे राहते तिथूनच हा प्रवास सुरू होतो. हे मला फार मोलाचं वाटतं.

१९ जानेवारी

वाचनालयात बसून गेल्या काही वर्षांच्या दिवाळी अंकांतले आणि रविवार पुरवण्यांतले प्रवासलेख वाचले. वहीत दोन रकाने केले. डावीकडे वारंवार भेटणारी वाक्यं: निसर्गाने मुक्तहस्ते केलेली उधळण, हिरवा शालू नेसलेली धरती, डोळ्यांचं पारणं फिटलं, शहराच्या धकाधकीपासून दूर, मन प्रसन्न झालं. नाव खोडलं तर ही वाक्यं कोयनेलाही चालतात, कूर्गलाही आणि काश्मीरलाही. माझ्या लेखात यातलं एकही येणार नाही.

उजवीकडे, लेख संपल्यावरही लक्षात राहिलेल्या गोष्टी. त्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट छोटी होती: काय भाव होता, कोण काय म्हणालं, गाडी का थांबली, कुठल्या घरात जेवायला बसवलं. मग विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास' पुन्हा काढलं. वरसईचे गोडसे भटजी डोक्यावरचं कर्ज फेडायचं म्हणून १८५७ साली उत्तरेकडे निघाले. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार होत्या, तिथे दक्षिणा मिळेल ही आशा होती. वाटेत बंड पेटलं आणि ते थेट झाशीच्या वेढ्यात सापडले. पुस्तक १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी छापलं. इतका मोठा काळ त्या पुस्तकात आहे, पण आपल्याला धरून ठेवतात त्या पोटापाण्याच्या गोष्टी: पैसे कुठे लपवले, कोणी लुटले, कोणाच्या ओसरीवर पथारी टाकली. प्रवास कशासाठी चाललाय हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून काय सांगायचं तेही ठाऊक होतं.

मलाही माझं 'कशासाठी' शोधायचं आहे. 'नाणेघाट सुंदर आहे' यावर लेख उभा राहणार नाही.

२ फेब्रुवारी

जाण्याआधीचं वाचन. १८८५ साली निघालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरचा तिसरा भाग स्थळांबद्दल आहे, तो पाहिला. नाणेघाटातल्या लेण्यातले कोरीव लेख १८२८ साली विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस पडले. पुढे प्राचीन लेखांचे अभ्यासक भगवानलाल इंद्रजींनी त्यातले आकडे ओळखले आणि मागच्या भिंतीवर पुतळे होते हेही लक्षात आणून दिलं. जर्मन अभ्यासक ब्यूलर यांनी १८८३ मध्ये लेखाचं वाचन प्रसिद्ध केलं. मराठीत वा. वि. मिराशींनी सातवाहनांच्या लेखांवर सविस्तर लिहिलंय, ते मी शेजारी ठेवलं.

मोठा लेख सातवाहन राणी नागनिकेचा. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत, काळ ढोबळमानाने इसवी सनापूर्वीचं पहिलं शतक. राजाराणीने केलेले यज्ञ आणि प्रत्येक यज्ञात दिलेली दक्षिणा यांची ती यादी आहे: गाई, घोडे, हत्ती, गावं, आणि कार्षापण नाणी, एके ठिकाणी २४,४००. भारतातल्या सर्वांत जुन्या अंकलेखनाच्या नमुन्यांत हे आकडे मोडतात.

वाचता वाचता एक गोष्ट ठळक झाली. घाटाच्या तोंडाशी असलेला दगडी रांजण जकात गोळा करायचा होता, हे सगळीकडे ठाम वाक्यात छापलेलं आहे. पण नागनिकेच्या लेखात जकातीचा विषयच नाही. तिथे दान आहे. रांजणाची जकात ही परंपरेने चालत आलेली समजूत. ती लिहायची, पण समजूत म्हणूनच लिहायची.

१५ फेब्रुवारी

कोकणच्या बाजूने चढून आले. २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. माझ्यासारखीला हा प्रकल्प परवडतो त्याचं हेही एक कारण, म्हणून इथे टिपून ठेवते.

वैशाखऱ्याच्या पुढे उतरून अडीच-तीन तासांची चढण. आधी सपाट जंगल, मग ओढ्याच्या कडेने, आणि शेवटी दगडी फरसबंदी आणि पायऱ्या. खिशात मावेल एवढी वही आणि पेन्सिल. पेन घामाच्या हाताने फुटतं, पेन्सिल कशावरही चालते. फोनवर बोलून नोंद करायची सोय आहे, पण चढताना धाप लागते आणि नंतर ऐकायला फक्त श्वास उरतो. थांबले की लिहिते: वेळ, काय दिसतंय, काय ऐकू येतंय, कोण भेटलं. विशेषणं नंतर. आधी नामं.

लेण्यात तिन्ही बाजूंना दगडी बाक आहेत. डावीकडच्या आणि उजवीकडच्या भिंतीवर नागनिकेचा लेख. समोरून विजेरी मारली तर भिंत नुसती खरबरीत दिसते. विजेरी भिंतीला चिकटवून उजेड तिरका सोडला की एकेक अक्षर सावली धरून उठतं. फोटोसाठी अक्षरांवर पाणी मारणारे, खडू भरणारे लोक मी पाहिलेत. त्याने दगड खराब होतो आणि तिरक्या उजेडाने काम भागत असताना त्याची गरजही नाही. मागच्या भिंतीवरचे पुतळे गेलेत, तळाशी पावलांच्या खुणा उरल्यात. वर नावं मात्र वाचता येतात: सिमुक सातवाहन, नागनिका आणि सातकर्णी, कुमार (राजपुत्र), महारठी (सरदार). कोणाचे पाय कोणते, हे नावावरून ठरवायचं. मी बराच वेळ त्या पावलांपुढे बसले होते.

लेण्याच्या आसपास खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. त्यांच्यातल्या एका दानाचा लेख सोपाऱ्याच्या गोविंददासाच्या नावाने आहे. राजाचा नाही, राणीचा नाही. सोपारा म्हणजे आजचं नालासोपारा. समुद्राकाठच्या एका माणसाने इथे, डोंगराच्या माथ्याजवळ, येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी पाणी ठेवलं. मी बाटली भरली ती अशाच एका टाक्यातून.

वर दोन कड्यांमधल्या अरुंद नाळेतून बाहेर पडलं की पठार, आणि तिथे तो रांजण. आत हात घातला. तळाशी वाळलेली पानं आणि माती.

१६ फेब्रुवारी

कालच्या नोंदी आज पूर्ण वाक्यांत उतरवल्या. वहीतल्या तुटक शब्दांचा अर्थ दुसऱ्या दिवशी लागतो, पंधरवड्याने लागत नाही. 'निळी दोरी, बाई, हंडा' एवढंच लिहिलं होतं. आज आठवतंय की पठारावर एक बाई निळ्या नायलॉनच्या दोरीने विहिरीतून हंडा ओढत होती आणि दोरी पार तळापर्यंत गेली होती. फेब्रुवारीत.

घाटमाथ्यावर पाऊस किती कोसळतो हे सगळ्यांना माहीत आहे. मग ही दोरी इतकी लांब का?

१ मार्च

आमच्या सोसायटीत एका वर्तमानपत्राचे निवृत्त उपसंपादक राहतात, सगळे त्यांना काकाच म्हणतात. त्यांच्याकडे संध्याकाळ घालवली. पुरवणीचं पान कसं भरतं, हे त्यांच्याकडून समजून घ्यायचं होतं. त्यांनी सांगितलेलं जसंच्या तसं:

"पुरवणीच्या पानावर जाहिरात आधी बसते, उरलेल्या जागेत मजकूर. सातशे-आठशे शब्द म्हटले की तेवढेच. जास्त आले तर आम्ही शेवटून कापायचो, कारण कापायला वेळ तिथेच कमी लागतो. म्हणून तुझं सगळ्यात चांगलं शेवटी राखून ठेवू नकोस. आणि मजकूर युनिकोडमध्ये पाठव. जुन्या फॉन्टमधला मजकूर उघडला की नुसत्या चौकटी दिसतात, मग तो तसाच पडून राहतो."

फोटोंबद्दलही बोलले. व्हॉट्सअॅपवर साधा पाठवलेला फोटो दाबला जातो आणि छपाईत फुटतो, म्हणून मूळ फाइल मेलने द्यायची. प्रत्येक फोटोखाली काय, कुठे, कधी आणि कोणी टिपला हे लिहायचं. फोटोत माणूस असेल तर त्याला विचारलंय का, तेही.

मी विचारलं, एकच लेख दोघांना पाठवला तर? काका म्हणाले, "कळवून पाठव. न कळवता पाठवलास आणि दोन्हीकडे छापून आला, तर दोन्ही दारं बंद." मी ठरवलं की एका वेळी एकीकडेच पाठवायचा, तीन आठवडे थांबायचं, एकदा नम्रपणे विचारायचं आणि मग पुढे जायचं.

२८ मार्च

यावेळी वरून गेले. माळशेजमार्गे जुन्नर, तिथून घाटघरची एसटी. घाटघर अकोले तालुक्यातही आहे, धरणाचं. विचारताना 'जुन्नरचं घाटघर' असं म्हणावं लागतं. जुन्नरपासून तिसेक किलोमीटर. वाटेत चावंड किल्ला लागतो आणि पूर गावचं कुकडेश्वराचं देऊळ. कुकडी नदी तिथे उगम पावते. खाली माणिकडोहचं धरण.

गेल्या वेळच्या विहिरीपाशी गेले. तीच बाई असावी, नक्की सांगता येत नाही. मी मावशी म्हटलं, तिने मला ताई म्हटलं.

"मावशी, पावसाळ्यात इथे एवढं पाणी असतं, आता कुठे जातं?"

"जातंय खाली. पाऊस मायंदाळ पडतो, पण खडकावर थांबंल कसा? होळी झाली का हंडे घेऊन निघायचं."

"वरच्या टाक्यातलं पाणी आणता?"

"गुरं घेऊन गेलं का पितो आम्ही. गार असतंय. पण घरला किती आणणार डोक्यावर?"

रांजणाबद्दल विचारलं. ती म्हणाली, पावसाळ्यात त्यात पाणी साचतं आणि वानरं येऊन पितात. जकातीचं तिने ऐकलंय, "सायबलोक सांगत्यात". मग मलाच म्हणाली, "तू लिहिणार म्हणती, तर आमच्या टाकीचं लिही. बांधलीया, नळ नाही."

जानेवारीपासून मनाशी जे शोधत होते ते इथे सापडलं. पठारावरचा पाऊस पूर्वेला कुकडीच्या खोऱ्यात उतरतो. धरणांतून आणि कालव्यांतून ते पाणी जुन्नरचा पूर्व भाग, शिरूर, पारनेर, श्रीगोंदा करत पार करमाळ्यापर्यंत पोचतं आणि तिथे ऊस उभा राहतो. आणि ज्या माथ्यावर तो पाऊस पडतो तिथे मार्चमध्ये दोरी विहिरीच्या तळाला टेकते. दोन हजार वर्षांपूर्वी सोपाऱ्याच्या एका माणसाला कळलं होतं की या घाटात पाणी अडवावं लागतं, ते आपोआप राहत नाही. माझा लेख नाणेघाटातल्या पाण्याचा आहे. लेणं, राणी, रांजण, धबधबा हे सगळं त्या पाण्याच्या कडेने येईल किंवा येणार नाही.

निघताना नाव विचारलं. मावशी म्हणाली, नाव नको घालू. नाही घालणार. गावच्या त्या टाकीचा फोटो घेतला, मावशीचा नाही.

५ एप्रिल

टाकीबद्दल गावातल्या एका शिक्षकांशी आणि ग्रामपंचायतीत फोनवर बोलले. योजना मंजूर आहे, काम अर्ध्यावर आहे, कारण प्रत्येकाने वेगळं सांगितलं. लेखात एवढंच येईल: टाकी आहे, मी गेले त्या दिवशी नळ नव्हता. जे डोळ्यांनी पाहिलं त्याची जबाबदारी मी घेऊ शकते. दोष कोणाचा, हे लिहायला कागदपत्रं लागतील आणि तो वेगळा लेख होईल.

१४ एप्रिल

लेखप्रस्ताव लिहिला. अख्खा लेख न पाठवता आधी प्रस्ताव पाठवायचा. संपादकाला नको असेल तर दोघांचाही वेळ वाचतो. मेलच्या विषयात 'लेखप्रस्ताव: नाणेघाटातलं पाणी'. मजकूर असा:

'नाणेघाटात सातवाहनकाळी सोपाऱ्याच्या गोविंददास नावाच्या माणसाने पाण्याच्या टाक्याचं दान दिल्याचा लेख आहे. आज त्याच घाटाच्या माथ्यावर, घाटघरमध्ये, होळीनंतर विहिरी तळ गाठतात. कोकणातून घाट चढत आणि जुन्नरच्या बाजूने गावात फिरत मी या पाण्याचा माग घेतला आहे. लेख १,८०० शब्दांचा होईल, गरजेप्रमाणे ८०० शब्दांत देता येईल. माझे स्वतःचे फोटो आहेत. मी कल्याणला राहते, हा माझा पहिलाच लेख आहे.'

शेवटचं वाक्य ठेवावं की नाही यावर काका आणि माझं जुळलं नाही. त्यांच्या मते ते गाळावं. मी ठेवलं. संपादकाने आपल्याशी कसं बोलावं हे त्यावरून त्याला कळतं.

एका पुरवणीला पाठवला.

८ मे

पुरवणीकडून काहीच उत्तर नाही. एकदा विचारून झालं. आता दिवाळी अंकाकडे. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही प्रथा चालू आहे आणि नव्या लेखकासाठी अजूनही हीच सगळ्यात मोठी जागा आहे. बहुतेक अंकांची जुळणी मे-जूनमध्ये सुरू होते. ऑगस्ट-सप्टेंबरात पाठवलेला लेख कितीही चांगला असला तरी तोवर पानं भरलेली असतात. काढणारी मंडळी बहुधा आपापली नोकरी सांभाळून अंक काढतात, त्यामुळे मेलपेक्षा फोनवर पटकन भेटतात. एका अंकाला फोन केला, संपादक बाई बोलल्या, प्रस्ताव पाठवा म्हणाल्या.

१७ मे

पुन्हा घाटघर. अंगणाअंगणांत बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची कोवळी फळं, वाळत घातलेला. हिरवा तोडून आणलेला असतो आणि उन्हात काळा पडत जातो. एकाच अंगणात हिरवा, तपकिरी, काळा असे तिन्ही ढीग पाहायला मिळाले. वास तुरट, घशाला धरणारा. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातल्या महादेव कोळी घरांचा वर्षाचा रोख पैसा बराचसा यातून येतो. हा हिरडा माझ्या लेखात एक वाक्यापुरताच येईल, कारण लेख पाण्याचा आहे. पण या दिवसांत बाया पहाटे पाणी भरतात आणि मग झाडावर जातात, हे दोन्ही एकाच माणसाच्या अंगावर पडतं, म्हणून ते एक वाक्य हवंच.

नाहीतर प्रत्येक खेपेला नवं काहीतरी सापडतं आणि सगळं कोंबावंसं वाटतं. वहीत 'पुढच्या लेखांसाठी' असं वेगळं पान केलंय. तिथे हिरडा, कुकडेश्वराचं शिल्पकाम, खोडदची तीस अँटेनांची रेडिओ दुर्बीण, नारायणगावच्या तमाशाच्या राहुट्या, असं सगळं नोंदून मोकळी झाले.

२३ मे

या भागातल्या एका रिसॉर्टकडून विचारणा आली: दोन रात्री फुकट राहा, लेखात आणि समाजमाध्यमांवर उल्लेख करा. कोणाच्या तरी ओळखीतून माझं नाव गेलं असावं. नकार कळवला. घाटघरच्या पाण्यावर लिहायचं आणि पोहण्याचा तलाव असलेल्या जागी फुकट उतरायचं, हे मला जमणार नाही. पण ज्यांना जमतं त्यांनी निदान वाचकाला सांगावं. भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्येच नियम काढलेत: पैसे, वस्तू किंवा मुक्काम घेऊन लिहिलं तर तसं ठळकपणे नमूद करायचं. छापील लेखालाही मी हाच नियम लावेन.

११ जून

दिवाळी अंकाने प्रस्ताव घेतला! १,५०० शब्द, ३१ जुलैपर्यंत, चार फोटो. मानधन सांगितलं, त्यातून प्रवासखर्च निघेल. लेखनावर घर चालवायचं असेल तर हे पुरणार नाही. ज्यांना मी विचारलं ते सगळे प्रवासलेखक नोकरी, भाषांतर किंवा सहली नेणं यांच्या जोडीनेच लिहितात.

हक्कांबद्दल मीच विषय काढला. नव्या लेखकाला विचारायला संकोच वाटतो, पण कायदा आपल्या बाजूचा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखाचा हक्क मुळात लेखकाचा. तो लेखी करारानेच दुसऱ्याकडे जातो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. आम्ही मेलवर दोन ओळींत ठरवलं: अंकात एकदा छापण्याचा हक्क त्यांचा, अंक निघाल्यानंतर पुस्तकात घ्यायचा हक्क माझा. बाई लगेच हो म्हणाल्या.

६ जुलै

पावसातला घाट पाहिल्याशिवाय पाण्यावरचा लेख पुरा होणार नव्हता. नैर्ऋत्येचा वारा कड्याच्या उभ्या भिंतीवर आदळतो, त्याला वर चढण्यावाचून वाट नसते, आणि कड्यावरून पडणारं पाणी तो उलटं माथ्यावर फेकतो. लोक त्याला उलटा धबधबा म्हणतात. तोंडावर खालून पाऊस येतो. रांजण काठोकाठ भरलेला. नाळेच्या पायऱ्यांवरून पाणी असं धावत होतं की पाय कुठे ठेवावा कळेना.

आणि गर्दी. गाड्यांची रांग, कड्याच्या टोकाशी फोटोसाठी उभी असलेली पोरं, टाक्यांत तरंगणाऱ्या प्लास्टिकच्या बाटल्या. पावसाळ्यात प्रशासन धोक्याच्या ठिकाणी बंदीचे आदेश काढतं ते उगाच नाही. माझ्या लेखाने ही गर्दी वाढायला नको, असं मनापासून वाटतं. म्हणून 'कसे जाल' या चौकटीत धबधब्याची वेळ आणि फोटोची जागा देणार नाही. एसटीची वाट, जाण्याआधी आदेश तपासायला सांगणारी ओळ आणि हिवाळ्यात जा ही सूचना, इतकंच.

१९ जुलै

खर्डा. सुरुवात कशी करावी यावर आठवडा गेला. आधी लिहिलेली सुरुवात अशी होती:

'पहाटे साडेपाचला कल्याण एसटी स्थानकावर पोचले तेव्हा अजून अंधार होता. हवेत गारवा होता. आज नाणेघाट पाहायचा या विचाराने मन उत्साहाने भरून आलं होतं.'

आता अशी आहे:

'घाटघरच्या विहिरीवरची दोरी निळ्या नायलॉनची आहे. फेब्रुवारीत ती पूर्ण सोडावी लागते. इथून चालत जाण्याच्या अंतरावर, खडकात खोदलेल्या टाक्यात, सोपाऱ्याच्या गोविंददासाने दान दिलेलं पाणी अजून आहे.'

पहिलीत मी आहे, दुसरीत जागा आहे. वाचकाला माझ्या उत्साहाशी कर्तव्य नाही, त्याला आत यायला दार हवं. एसटी पुढे कुठेतरी येते, जिथे कल्याण आणि जुन्नरचा व्यापार सांगायचा आहे तिथे. राणीच्या लेखावरचा मजकूर दोन परिच्छेदांचा होता, तो चार वाक्यांवर आणला: यज्ञांची दक्षिणा, २४,४०० कार्षापण, पुतळ्यांची पावलं, आणि या सगळ्या दानांशेजारी एका सामान्य माणसाचं पाण्याचं दान. माहिती सगळी गोळा केली म्हणून सगळी वाढायची नसते.

काकांचं ऐकून सगळ्यात महत्त्वाचं लेखाच्या मध्यावर ठेवलंय: मावशीचं 'जातंय खाली' आणि त्यालाच लागून कुकडीचं पाणी कुठवर जातं तो परिच्छेद.

२६ जुलै

घाटघरच्या शिक्षकांच्या फोनवरून मावशीशी बोलले आणि तिचं बोलणं जिथे जिथे आलंय ते तिला वाचून दाखवलं. एका ठिकाणी ती म्हणाली, "हंडे घेऊन निघायचं म्हणले, पर किती लांब ते नाही लिवलं." लिहिलं. तिचं बोलणं प्रमाण मराठीत न आणता तसंच ठेवलंय, फक्त वाचताना अडखळू नये एवढं पाहिलं. मावशीला लेख आवडला की नाही ते कळलं नाही. तिने फक्त विचारलं, हे कोण वाचणार. मी म्हटलं, खालच्या गावांतलेही वाचतील.

३० जुलै

पाठवला. युनिकोड फाइल, फोटो मूळ आकारात, फोटोंखालच्या ओळी वेगळ्या कागदावर. सोबत प्रत्येक ऐतिहासिक विधान कुठून घेतलं त्याची यादी फक्त संपादकासाठी. ती मागितली नव्हती, पण तपासणाऱ्याचं काम सोपं होतं.

२ सप्टेंबर

तपासायला मुद्रित आलं. शीर्षक बदललंय, चालेल. दोन वाक्यं गेलीत, त्यातलं हिरड्याचं परत घ्यायची विनंती केली आणि का ते सांगितलं. बाईंनी घेतलं. रांजणाच्या फोटोखाली 'सातवाहनांचा जकात रांजण' असं आलं होतं, ते 'जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण' असं करून घेतलं. यावर थोडी बोलाचाली झाली. त्यांचं म्हणणं, वाचकाला एवढ्या बारकाव्याचं काय. माझं म्हणणं, हा लेख वाचून पुढचा कोणी लिहिणार आहे आणि तो आपलंच वाक्य उचलणार आहे. ऐकलं त्यांनी.

१० सप्टेंबर

अंकाच्या जादा प्रती माझ्या पैशांनी सांगितल्या: मावशीला, शिक्षकांना, घाटघरच्या शाळेला, काकांना. एक प्रत ग्रामपंचायतीला, टाकीच्या परिच्छेदावर खूण करून.

बाईंनी विचारलंय, पुढे काय लिहिणार. प्रस्ताव तयार करतेय: गोविंददासाचं गाव. नालासोपाऱ्यात बुरूड राजाच्या कोटात १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी स्तूप उकरला. नाणेघाटातले आकडे ओळखणारे तेच. लोकलने वसईकडे जायचं, म्हणजे खर्च नाणेघाटापेक्षाही कमी. प्रश्न अजून पक्का झालेला नाही. बंदर हटलं तेव्हा तिथल्या माणसांनी काय धरलं, असं काहीतरी मनात घोळतंय. पहिल्या खेपेला स्तूपाकडे जायच्या आधी जुन्या वस्तीतल्या तळ्यांपाशी जाऊन बोलायचं आणि गॅझेटिअरच्या ठाणे जिल्ह्याच्या भागातलं सोपाऱ्याचं प्रकरण त्याआधी वाचून काढायचं.